मेणबत्तीखालचं पितळ

आमच्या घरात रिजेक्शनच्या मालाचा मोठा संसार होता. बाबा उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात एका सिंधी शेटच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. लेथवर जो पीस मापात बसला नाही, तो शेट भंगारात टाकायचा, नाहीतर कारागिराला देऊन टाकायचा. त्यामुळे अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या चाळीतल्या खोलीत दाराला अडसर म्हणून पाइपाची फ्लँज होती, लसूण ठेचायला शाफ्टचा तुकडा होता आणि कॉटचे चारही पाय लोखंडी बुशांवर उभे होते. आई म्हणायची, "तुमच्या बाबांच्या चुकांवर माझं घर उभं आहे." बाबांना ते लागत नसे. त्यांच्या हातून चुका फार थोड्या व्हायच्या. घरात आलेला बहुतेक माल दुसऱ्यांनी बिघडवलेला असायचा, हे आईलाही माहीत होतं.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. मी आयटीआयमधून टर्नरचाच कोर्स करून नुकताच बाहेर पडलो होतो आणि अप्रेंटिसशिपच्या पत्राची वाट बघत घरी बसलो होतो. त्या उन्हाळ्यात शेटला कुठून तरी एक नवं काम मिळालं. ड्रॉइंगवर वस्तूचं नाव नव्हतं, नुसता नंबर होता. पितळेचा, मुठीत मावेल एवढा पीस, वर निमुळता, टोकाला भोक आणि खाली बारीक आटे. बाबा म्हणाले, "कसल्या तरी पंपाचा असावा." कुणी विचारायला गेलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती. ड्रॉइंग बघायचं, माल काढायचा आणि घरी जायचं.

त्यातला एक नाकारलेला पीस आमच्याकडे आला. आईने चिंच लावून तो लख्ख घासला. टोकाच्या भोकात मेणबत्ती अगदी बेतून केल्यासारखी बसली, तेव्हा आई इतकी खूष झाली की शेजारणीला बोलावून तिने तो दाखवला. बुद्धपौर्णिमेला तिने तो पीस मूर्तीपुढे ठेवला, मेणबत्ती लावली आणि आम्ही पांढरे कपडे घालून वंदनेला बसलो. बाबा पुढे म्हणायचे, आम्ही मागून. प्राणिहत्या करणार नाही, हे पहिलं शील त्यांनी नेहमीसारखं खणखणीत म्हटलं. मेणबत्ती त्यांच्या समोरच जळत होती.

आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, दर वर्षी पौर्णिमेला गावाहून यायचे. ते पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात भरती झाले आणि नंतरही बरीच वर्षं राहिले. वंदना संपली, आई खीर वाढायला उठली आणि आजोबा मूर्तीजवळ सरकले. त्यांनी मेणबत्ती काढली, पीस हातात घेऊन आट्यांवरून अंगठा फिरवला.

"हे कुठनं आणलंस?"

बाबांनी सांगितलं.

"अरे, तोफेच्या गोळ्याची टोपी हाय ही! पेट्याच्या पेट्या वाहिल्यात मी असल्या. गोळा आदळला की हीच पहिली पेटते."

आणि ते हसले. रागावले वगैरे काही नाहीत, त्यांना मनापासून आनंद झाला होता. "माझा पोरगा तोफेचं काम करतो आणि मला ठाव नाय!" आईच्या हातातला डाव पातेल्यात तसाच राहिला. बाबांनी पीस त्यांच्या हातून घेतला, एकदा मूर्तीकडे पाहिलं, एकदा पिसाकडे. मग तो पिशवीत टाकून पिशवी दाराबाहेर ठेवली. खीर त्यांनी खाल्ली नाही.

त्या संध्याकाळचं भांडण मला पुरतं आठवतं, कारण मला दोघांचंही पटत होतं.

बाबा म्हणाले, "आबा, मी हे काम सोडणार."

"का? कुणी जबरदस्ती केली तुला? सरकारने धरून नेलं?"

"जबरदस्ती नाही म्हणून तर नाही म्हणता येतं."

"ऐक. माझ्या बापाला पलटणीच्या दारातनं माघारी लावलं होतं. छाती मोजली नाही, उंची मोजली नाही. जात विचारली आणि जा म्हटलं. आपल्या लोकांनी अर्ज केले, हातापाया पडले, तेव्हा कुठे माझ्या खांद्यावर बंदूक आली. त्या दिवसापासून गावात मला नावाने हाक मारायला लागले. आणि तुला आता शील आठवतंय?"

"छप्पन साली दीक्षा घेताना माझा हात धरून तुम्हीच नेलं होतं ना? मी लहान होतो. तुम्ही म्हणालात, मोठ्याने म्हण, सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

आजोबांनी खिशातली बिडी काढली. ती ओढायला ते बाहेर गेले.

जगात असले नकार देणारे लोक असतात हे मला आमच्या शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या सरांमुळे माहीत होतं. निवृत्त झाल्यावर ते संध्याकाळी विहारात वाचनालय उघडून बसायचे. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सांगितलं, काही देशांत तरण्या पोरांना सक्तीने सैन्यात घालतात. ज्याचं मन नाही म्हणतं त्याला पूर्वी सरळ तुरुंगात टाकत, आता काही ठिकाणी त्याऐवजी दवाखान्यात नाहीतर शेतावर काम देतात. आपल्याकडे तशी सक्ती नाही. पण सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आपल्या घटनेतही आहे. तो लांबलचक शब्द त्यांनी मला कागदावर लिहून दिला. मी तो कागद खिशात घालून घरी आलो आणि बाबांच्या नावे शेटला अर्ज लिहिला. अठरा वर्षांच्या माणसाला अर्ज लिहायला मिळाला की तो थांबत नाही. दोन्ही बाजू भरल्या. शेवटी मागणी केली, की अर्जदारास हत्यारांच्या कामाऐवजी नळाच्या तोट्यांच्या कामावर ठेवावे.

शेटला मराठी वाचता येत नाही हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सोमवारी मलाच बाबांबरोबर जावं लागलं आणि शेटच्या टेबलापुढे उभं राहून तो अर्ज हिंदीत सांगावा लागला. सदसद्विवेकबुद्धीला हिंदीत काय म्हणतात हे काही केल्या आठवेना. मी छातीला हात लावून म्हणालो, "मतलब, अंदर से ना आता है."

शेट हसला नाही. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मिस्त्री, मैं दस साल का था तब सिंध छोड के आया. हमारी गली में एक के पास भी ऐसा माल होता ना, तो मैं आज इधर नहीं बैठता. मेरे को भी अंदर से आता है. मेरे को हां आता है." मग चष्मा परत घालून, बाबांकडे न बघता, "नल पे बैठ. पर लेथ दूसरे को जायेगा. और ओव्हरटाइम नहीं."

अर्ज मंजूर झाला होता. मला केवढा अभिमान वाटला! बाबांचं त्यात काय गेलं हे कळायला मला दोन-तीन आठवडे लागले. कॅम्पातल्या सगळ्यात चांगल्या टर्नरला तोट्या घासायला बसवलं होतं, जे काम नवशिके करतात. येणारे-जाणारे विचारायचे, "क्या मिस्त्री, पनिशमेंट?" बाबा म्हणायचे, "नाही, मागून घेतलं." संध्याकाळी त्यांच्या अंगाला कापलेल्या धातूचा वास यायचा तो गेला आणि घासायच्या पेस्टचा यायला लागला. ओव्हरटाइम बंद झाल्यावर घरातली ओढाताण वाढली. अप्रेंटिसशिपचं पत्र काही येईना, आणि माझा अभिमान हळूहळू रागात बदलला. नकार द्यायला यांचं काय जातं, असं मी आईला म्हणालोसुद्धा. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

बाबांचा लेथ ज्याला मिळाला होता तो कुळगावच्या पलीकडच्या पाड्यावरून यायचा. आषाढात भाताच्या लावणीला तो गावी बसला, लेथ रिकामा पडला, आणि शेटने बाबांनाच विचारलं, "तेरा लडका क्या करता है?"

बाबांनी घरी येऊन तो निरोप मला जसाच्या तसा दिला. जाऊ नको म्हणाले नाहीत. मी विचारलं, "तुम्हाला चालेल?"

"मी नाही म्हटलं ते माझ्यापुरतं. तुझ्यावर लादलं तर मग ती सक्तीची भरतीच झाली की."

मी गेलो. मला काम हवं होतं, हे खरंच. पण बाबांच्या लेथवर मी बसलोय हे लोकांनी बघावं असंही वाटत होतं. आजोबांचं गावाहून कार्ड आलं, नातू मर्द निघाला म्हणून. ते मी दोनदा वाचलं.

मी टर्नर बरा होतो, बाबांसारखा नव्हतो. चौथ्या-पाचव्या दिवशी टूलची धार गेली, आटे सैल पडायला लागले. तपासायला दोन गेज असायचे. एक आट्यात पूर्ण फिरायला हवा, दुसरा फिरायलाच नको. माझ्या पिसांवर तो दुसराही एखादा वेढा जात होता. शेटने लांबून बघून "चलेगा" म्हटलं होतं, म्हणून मी ते पेटीत टाकत होतो. बाबा माझ्या मागच्याच बाकावर तोट्या घासत होते. त्यांची माझ्याकडे पाठ होती, पण लेथच्या आवाजावरून त्यांना सगळं कळत असणार. शेवटी ते उठले.

पेटीतला एक पीस उचलून त्यांनी त्यावर गेज फिरवला. "हा सैल आहे."

"शेट चालेल म्हणाले."

"शेट तोफेजवळ उभा राहणार नाही. तिथे आपल्यातलाच कुणाचा तरी पोरगा असतो. टोपी सैल बसली तर गोळा त्याच्याजवळच फुटेल."

त्यांनी मला बाजूला केलं. टूल काढून ग्राइंडरवर धार लावली, परत बांधलं, आणि नवीन पितळ लेथच्या चकमध्ये धरून एक पीस काढला. सगळा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मला दाखवत. "हात इथे असा ठेव. पितळ ओरडलं की समज घाई होतेय." त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत न दिसलेलं समाधान होतं, आणि ते बघून मलाही फार बरं वाटलं. पहिला गेज लोण्यात फिरावा तसा फिरला, दुसरा जागचा हलला नाही. बाबांनी तो पीस माझ्या टूलबॉक्सवर ठेवला, पेटीपासून लांब. माझे सैल पीस एकेक तपासून भंगारात टाकले. मग ते जागेवर जाऊन बसले.

भंगारात गेल्यामुळे माझी पेटी अपुरी राहिली. संध्याकाळी टेम्पो आला, शेट घाई करायला लागला, आणि मी टूलबॉक्सवरचा तो पीस उचलून पेटीत टाकला. सगळ्यांत चांगला तोच होता. पेटीला खिळे ठोकले गेले.

बाबा नळावर हात धूत होते. साबणाचे हात तसेच घेऊन ते आले. "तो कुठाय?"

"कुठला?"

"मी काढलेला. तुला बघायला काढला होता."

"पेटीत टाकला. ओके होता ना तो."

ते तसेच बाहेर गेले. टेम्पो वळणापलीकडे गेला होता. रस्त्यावर ते बराच वेळ उभे राहिले, आणि साबण त्यांच्या हातांवर वाळून गेला. मला ओरडले नाहीत. सायकल काढली, मला मागे बसवलं आणि आम्ही घरी आलो. त्या रात्री वंदनेत पहिल्या शिलाला ते थांबले. आम्हाला वाटलं, ठसका लागला असेल. त्यांनी आईला खूण केली, तू म्हण. दुसरं शील मात्र त्यांनी स्वतः म्हटलं.

पुढे लावणी आटोपून तो माणूस कामावर आला, माझं पत्र आलं, मी दुसरीकडे लागलो. आजोबा गेले. त्यांच्या फोटोजवळ त्यांचं पलटणीचं मेडल बाबांनीच लावलं आणि दर पौर्णिमेला स्वतः पुसलं. मूर्तीपुढची मेणबत्ती तेव्हापासून स्टीलच्या वाटीत लागते. पहिलं शील आमच्या घरात आई म्हणायची, आणि ती थकल्यावर मी. पाहुण्यांना वाटायचं, आमच्याकडे तशी रीतच आहे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी डोंगरातल्या लढाईच्या बातम्या टीव्हीवर यायला लागल्या. तोफा धडधडत होत्या. गोळा सुटला की चाळीतली पोरं टाळ्या वाजवायची, आणि खरं सांगतो, माझेही हात उचलले जायचे. बाबा निवृत्त झाले होते. ते टीव्हीपुढून उठले नाहीत, पण प्रत्येक धमाक्याला त्यांचा अंगठा बोटांवरून फिरायचा, गेज फिरवतात तसा. टीव्ही बंद झाल्यावर मी विचारलं. बारा-तेरा वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"बाबा, शील मोडलं तर पुन्हा घेता येतं ना?"

"येतं की."

"मग?"

"तो पीस कुठे तरी गोदामात पडला असेल तर शील आजच घेतो. पण तो नीट झाला होता रे. नीट झालेला माल पडून राहत नाही." त्यांनी वाटीतली मेणबत्ती सरळ केली. "पेटीत टाकताना मला एकदा विचारायचं होतंस."

त्याबद्दल ते मला आयुष्यात एवढंच बोलले. आवाज चढवला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. मग हात जोडून वंदनेला बसले. पहिलं शील मी म्हटलं, आणि त्यांनी ते डोळे मिटून ऐकलं.