मुकादम सरांचा तारांकित प्रश्न

इब्राहिम मुकादम सर मला पहिल्यांदा भेटले ते उलव्यात, आमच्या आमदारांच्या संपर्क कार्यालयात. मी तेव्हा आमदारांचा स्वीय सहायक होतो. अधिवेशन तोंडावर आलं होतं आणि सर नुकतेच मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाले होते. जासईच्या पुढे, त्यांच्या शाळेसमोरून दिवसभर कंटेनरचे ट्रेलर धावतात. तिथे मुलांसाठी पादचारी पूल व्हावा, एवढीच त्यांची मागणी होती.

सरांच्या या गौरवग्रंथात गाऱ्हाणी नकोत, असं संपादकांनी मला बजावलं आहे. पण सरांविषयी न वैतागता लिहिणं मला जमणार नाही.

सरांनी चार ओळींत प्रश्न लिहून दिला. तो तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न म्हणून स्वीकारला गेला. पण त्याचा क्रम येण्याआधीच गदारोळात सभागृह तहकूब झालं. पुढच्या अधिवेशनात छापील उत्तर आलं: ‘हे अंशतः खरे आहे. बाब तपासून पाहण्यात येत आहे.’ तो कागद मी ओशाळून सरांपुढे ठेवला. त्यांनी आधी त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या, मग शांतपणे विचारलं, “अंशतः म्हणजे रस्त्याच्या कोणत्या बाजूला?”

त्यानंतर मंत्री बदलले, सरकारं बदलली, उत्तर बदललं नाही. दर अधिवेशनाआधी सर येत आणि यंदा काय होईल, असं विचारत. पहिल्या दिवशी शोकप्रस्ताव, दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर घोषणा, तिसऱ्या दिवशी सभात्याग, हे मला पाठ होतं. तरी मी दर वेळी ‘यंदा नक्की’ म्हणत असे.

मधल्या काळात आमचे आमदार पडले आणि कार्यालयात कुणी फिरकेनासं झालं. त्याच सुमारास माझ्या पत्नीच्या मांडीचं हाड मोडलं. सर रोज घरून त्यांच्या पत्नीच्या, आमच्या भाभींच्या हातचा डबा घेऊन इस्पितळात येत. पुलाचा विषय मीच काढला, तर म्हणाले, “आधी वहिनी चालू लागू देत.”

मग पाचवीतल्या एका मुलीला ट्रेलरची धडक बसली. ती वाचली, पण पाय अधू झाला. दुसऱ्या दिवसापासून सर लाल झेंडा घेऊन शाळा भरताना आणि सुटताना रस्त्यावर उभे राहू लागले. आजही राहतात. एक आई मला म्हणाली, “सर हायत म्हनून पोरगी शालेत जातेय.” हे तुमचं काम नव्हे, असं मी सरांना सुनावलं. ते म्हणाले, “मला ठाऊक आहे. ज्यांचं आहे, त्यांना सभागृहात विचारा.”

सोमवारी नवं अधिवेशन सुरू होतंय. मी आता त्या नोकरीत नाही, तरी सरांचा प्रश्न नव्या आमदारांकडे मीच पोचवतो. परवा सरांचा नेहमीप्रमाणे फोन आला. या वेळी मी खरं सांगितलं: फारशी अपेक्षा नको. ते म्हणाले, “मग प्रश्न आणखी नेमका लिहायला हवा. संध्याकाळी येतो.” आणि आले.

मुकादम सरांना पंचाहत्तरीनिमित्त माझा आदरपूर्वक सलाम. त्यांनी निरोगी राहून शंभरी गाठावी. फक्त त्या भरवशावर सरकारने थांबू नये.