कलकत्त्याची कौसल्या

चांदा जिल्ह्यात समुद्रावर मनापासून प्रेम करणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे हे भाऊजी सिंदेवाहीला गुरांचे सरकारी डॉक्टर होते. सिंदेवाहीहून कुठल्याही दिशेने निघालं तरी समुद्राआधी जंगलच लागायचं. भाऊजींनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला, तोही सरकारी खर्चाने. ओंगोलचा एक वळू आणायला त्यांना आंध्रात धाडलं होतं. वळू दोन दिवस स्टेशनाबाहेर झाडाला बांधलेला आणि भाऊजी किनाऱ्यावर वाळूत ओणवे! परत आले ते वळूपेक्षा धोतराचा सोगा जास्त जपत, कारण सोग्यात शेर-दीड शेर शंखशिंपले होते. साहेबांनी वळूबद्दल "कसा आहे?" म्हणून विचारलं, तेव्हा "उजवीकडे वळलेला आहे," असं त्यांनी उत्तर दिल्याचं दवाखान्यातला कंपाउंडर शपथेवर सांगे.

मोठ्या शंखांना ते विचारत नसत. "ते तं देवळातबी असतात," म्हणत. त्यांचा जीव तांदळाएवढ्या, तिळाएवढ्या समुद्री गोगलगायींवर. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांत त्या नांदत, आणि बाटल्या संपल्या की अक्काच्या मसाल्याच्या डब्यात मोहरीशेजारी बिऱ्हाड करत. एकदा त्यातली एक फोडणीत गेली आणि वांग्याच्या भाजीतून जेवायला आलेल्या तहसीलदारांच्या दाताखाली आली. तहसीलदार गाल धरून बसले. भाऊजी भिंग घेऊन त्यांच्या ताटात शोधत होते. "दात बाकीचे आहेत न तुमचे," ते कळवळून म्हणाले, "हे एकच होती जी!" अक्का माझ्याजवळ रडकुंडीला येऊन म्हणे, "या घरात मले पाय ठेवाले जागा नाई, गोगलगायीले आहे." गाव भाऊजींना नावं ठेवी, आणि भाऊजींची इच्छा एवढीच, की आपण एखाद्या गोगलगायीला नाव ठेवावं.

आता झाडीपट्टीत समुद्र नसला तरी कवड्या भरपूर. बैलांच्या गळ्यांत त्यांच्या माळा असत. त्यामुळे बैल कशानेही आजारी असो, तपासणी गळ्यापासून सुरू होई. "डाक्तरभाऊ, बैल पायानं लंगडून राह्यला, तुमी गळा काऊन पाहून राह्यले?" असं एखाद्याने विचारलं, तर भाऊजी गंभीरपणे सांगत, "पायाचं गळ्यावरून समजते."

असाच एक लंगडा बैल सोनाबाई नावाच्या शेतकरणीचा. जवळच्याच खेड्यात राहणारी, एकटी, वयाने भाऊजींहून थोडी मोठी. बैलाच्या खुरात काटा होता. तो काढायला पाच मिनिटं लागली आणि माळ पाहायला दोन तास. माळ तिच्या बापाने तेलंग्या व्यापाऱ्याकडून घेतलेली, तेव्हा सोनाबाई ती देऊन टाकायला तयार होईना. भाऊजींनी मग तिच्याच ओसरीत बसून टाचणीने एकेक कवडी कोरली. एका जुन्या कवडीच्या फटीतल्या दातांतून वाळूचे चार कण पडले. त्यातला एक कण वाळू नव्हता. भिंगाखाली त्याला पाच वेढे होते आणि वेढ्यांवर बारीक जाळी होती. भाऊजींच्या कुठल्याच पुस्तकात तसली गोगलगाय नव्हती.

"काय नाव जी याचं?" सोनाबाईने विचारलं.

"नाव नाई अजून. कोणी ठेवलंच नाई."

ती थोडा वेळ बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मायी पोरगी बारशाच्या आंधीच गेली. कौसल्या ठेवाचं होतं. ठेवाचंच राह्यलं." आणि भिंगाकडे बोट करून, "हिले ठेवता?"

कलकत्त्याच्या एका संग्रहालयात गोगलगायींचे एक तज्ज्ञ होते. भाऊजींनी तो कण कापसात गुंडाळून त्यांच्याकडे पाठवला. सापडल्याचं ठिकाण म्हणून 'सिंदेवाहीजवळ, बैलाच्या गळ्यात' असं लिहिलं. तज्ज्ञांनी अदबीने विचारलं, की सिंदेवाहीला समुद्र आहे काय? भाऊजींनी उलट टपाली कळवलं, 'समुद्र नाही. तलाव आहेत. बैल खरा आहे.' शेवटी पत्र आलं, की जात नवी दिसते, नाव सुचवावं. मात्र नमुना परत मिळणार नाही. ज्या एका शंखावरून नाव ठेवलं तो मूळ नमुना संग्रहालयातच राहतो. पुढे जगात कुठेही तशी गोगलगाय सापडली, तर ती त्याच्याशी ताडून पाहायची.

"म्हंजे सगळ्याहीची थोरली सासूच झाली की हे," अक्का म्हणाली. तिची खात्री होती, की नाव आपलंच लागणार. तिचं नाव गोदावरी. नदीचं नाव समुद्राच्या जिवाला शोभेल, असं तिने शेजारणींना सांगूनही टाकलं होतं. भाऊजींनी कौसल्या लिहून पाठवल्याचं कळलं तेव्हा ती आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी कौसल्या कोण ते कळलं, तेव्हा तिने खीर केली आणि डबा घेऊन भाऊजींना सोनाबाईकडे धाडलं.

वर्षभराने छापील कागद आला. भाऊजी सायकल मारत तो घेऊन गेले. सगळं इंग्रजी, आणि कौसल्येला लॅटिनची शेपटी लावलेली. पण तेवढा शब्द सोनाबाईने बोट ठेवून पाहिला आणि विचारलं, "कायमचं आहे न जी?" भाऊजी म्हणाले, "कायमचं."

पुढे दोन वर्षांनी कलकत्त्याचं पत्र आलं. हीच गोगलगाय कुणा परदेशी गृहस्थाने फार पूर्वी पाहून तिला नाव दिलेलं होतं. त्याचा तो जुना छापील कागद आता कुठे हाती लागला होता. जुनं नाव तेच खरं, असा त्या शास्त्राचा कायदा. कौसल्या रद्द.

मी तेव्हा अक्काकडेच होतो. भाऊजी दिवसभर दवाखान्यात गेले नाहीत. अक्का म्हणाली, "मंग आपल्या कौसल्येचं काय?" हा 'आपल्या' ऐकून भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं आणि कागद ओढून पत्र लिहायला घेतलं. आयुष्यात त्यांनी एवढं लहान पत्र लिहिलं नसेल. 'नाव गेले. नमुन्याचे काय करणार?' उत्तर आलं, की नाव चालत नसलं तरी मूळ नमुना टाकत नाहीत. तो त्याच्या चिठ्ठीसकट ठेवतात.

त्यानंतर एकदा मी भाऊजींबरोबर त्या खेड्यात गेलो. बैल म्हातारा झाला होता. त्याचं पोट फुगलं होतं, आणि त्या दिवशी भाऊजींनी आधी पोटच तपासलं. औषध पाजून झाल्यावर सोनाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सासरी दिलेल्या लेकीची चौकशी करावी तसं विचारलं, "डाक्तरभाऊ, कौसल्या कशी आहे जी?"

भाऊजी पाणी प्याले. मिशा पुसल्या.

"बरी आहे," ते म्हणाले. "कलकत्त्यालेच आहे. तिच्याजवळ तिच्या नावाची चिठ्ठी आहे. कोणी हात लावत नाई."

परतताना ते सायकलवर बसले नाहीत. सायकल हातात धरून धानाच्या बांधांवरून माझ्यापुढे चालत राहिले.