वाणाचे मासे

सुमित्रा वाकणकर धड एका जागी बसलेली जयपूरच्या मानसरोवर वसाहतीत फारशी कुणी पाहिली नसेल. डॉक्टरांकडे नंबर लावून थांबावं लागलं, तर तिथली जुनी मासिकं ती महिन्यांप्रमाणे लावून ठेवायची. घरात तर विचारूच नका. तिचे यजमान श्रीधरपंत विमा कंपनीत अधिकारी, त्यामुळं दर तीन-चार वर्षांनी बदली. सांगली, रायपूर, इंदूर आणि मग जयपूर. सामान बांधण्यात आणि सोडण्यात बाईंचं अर्धं आयुष्य गेलं. त्याची अशी सवय जडली, की हुकूम नसला तरी घरातल्या घरात बदल्या चालू. आज कपाट या भिंतीला, उद्या त्या. एकदा श्रीधरपंत कचेरीतून दमून आले, पेपर उघडता उघडता नेहमीच्या जागी टेकले, ते थेट फरशीवर. खुर्ची सकाळीच खिडकीपाशी रुजू झाली होती. पंतांनी फरशीवर बसूनच पेपर वाचला. माणूस समजूतदार.

मुलगी स्वानंदी लग्न होऊन बंगलोरला गेली, तेव्हापासून तर बाईंच्या हातांना काही कामच उरलं नाही. आणि रिकामे हात म्हणजे काय, ते श्रीधरपंतांना विचारा. त्यांचे शर्ट तिनं आधी रंगांप्रमाणे लावले, मग बाह्यांप्रमाणे.

आता मासा कसा आला ते ऐका. बाहेरगावी बदलीवर राहणाऱ्या आपल्या लोकांत एक रीत आहे. हुकूम आला, की ट्रकमध्ये न मावणारं सगळं मागे राहणाऱ्यांत वाटून टाकायचं. कुणाला तुळस, कुणाला कूलर, कुणाला मोलकरीण. घेणाऱ्यानं नाही म्हणायचं नसतं, कारण उद्या त्याचीही वेळ येणार असते. त्या साली दसऱ्यानंतर बँकेतल्या गुलाबराव मोहित्यांची गुवाहाटीला बदली झाली, आणि सुमित्राबाईंच्या वाट्याला एक पत्र्याचं पिंप आणि गोल काचेच्या भांड्यातला एक मासा आला. गडद निळा, अंगठ्याएवढा, पण शेपटीचा घोळ असा की नऊवारीनं लाजावं. दुकानदार त्याला फायटर म्हणतात. दुसरा नर दिसला की भांडून मरतो, म्हणून एकटाच ठेवायचा, एवढंच सांगून मोहिते गाडीत बसले.

सुमित्राबाईंनी पदर खोचला. रोज सकाळी देवाची भांडी झाली, की त्याच हातानं माशाचं भांडं. मासा चहाच्या गाळणीनं उचलून वाटीत, भांड्याला साबणाची पूड, वर नळाचं गार पाणी, की मासा परत आत. खायला पोळीचा चुरा, तोही पोट भरून मागं उरेल इतका. दिवाळी येईतो काच आरशासारखी झाली आणि मासा धुऊन धुऊन विटलेल्या परकरासारखा.

तिथल्या मराठी मंडळाच्या कामासाठी शास्त्री नगरातून प्रतिमा साने आली होती. ही कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, आणि तोंडाची फटकळ. तिनं भांड्याकडं पाहिलं आणि हातातला चहा खाली ठेवला.

"सुमित्राताई, याला काय केलंत?"

"काय केलं म्हणजे? रोज घासते. काच बघ कशी लखलखते."

"काचेला काही झालेलं नाही. मासा मरायला टेकलाय. तुम्हाला कुणी रोज सकाळी गाळणीत धरून साबणाच्या घरात टाकलं तर?"

"मग घाणीत ठेवू का त्याला?"

"घाणीत नको, त्याच्या पाण्यात ठेवा. ते पाणी त्याचं घर असतं. रोज घर बदललं की कुणीही आजारी पडतं."

हे वाक्य आतून ऐकून श्रीधरपंत खोकले, असं म्हणतात.

मग प्रतिमानं सगळं समजावलं. गोल भांडं काढा, चांगली मोठी चौकोनी टाकी आणा. नळाचं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवा, औषधाचा वास उडाला की मगच वापरा. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदला, सगळं कधीच नाही. साबण आसपासही नको. हा मासा उष्ण मुलखातला, भाताच्या खाचरांतला, जयपूरची थंडी त्याला सोसायची नाही, तेव्हा टाकीत छोटा हीटर हवा. तो उडी मारतो म्हणून वर झाकण हवं, आणि वर येऊन हवा पितो म्हणून झाकणाखाली थोडी जागाही हवी. दाणे मोजकेच, आणि आठवड्यातून एक दिवस काहीच नाही.

उपवासाचं सुमित्राबाईंना ताबडतोब पटलं. सोमवार ठरला.

"आणि बाकीचा वेळ काय करायचं?"

"बाकीचा वेळ त्याला हात लावायचा नाही," प्रतिमा म्हणाली.

हे सगळ्यांत अवघड. बाई टाकीपुढं उभ्या राहायच्या, ते एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट पाठीमागं धरून, जसं काही स्वतःलाच पोलिसांच्या ताब्यात दिलंय. टाकीतलं झुडूप जरा तिरकं दिसायचं, मनगट सुटायचं, पुन्हा धरायचं. पण तिनं ते निभावलं. मार्गशीर्षात मासा पुन्हा निळा झाला, शेपूट पसरून मिरवू लागला, आणि एक दिवस पाण्याच्या वरच्या थरावर त्यानं बारीक बुडबुड्यांचं घरटं बांधलं. तब्येत बरी असली की नर असं करतो म्हणे. सुमित्राबाईंनी ते घरटं बघायला मंडळातल्या झाडून सगळ्या बायका बोलावल्या.

झाडून सगळ्या म्हणजे त्यात तारामतीबाई देशकरही आल्या. ह्या नागपूरच्या, पलीकडच्याच गल्लीत राहायच्या, आणि मंडळातलं पहिलं पान आपलं, अशी त्यांची जुनी समजूत. ती सुमित्राबाई आल्यापासून डळमळली होती, आणि डळमळली ती वाणावरून. मागल्या संक्रांतीला सुमित्राबाईंनी जयपुरी निळ्या मातीच्या वाट्या लुटल्या. तारामतीबाईंनी लुटले चमचे, ते श्रीखंडात घातले की वाकायचे. वर्षभर बायका एकमेकींना विचारत होत्या, "काय गं, चमचा सरळ केलास का?" तारामतीबाई ते विसरल्या असतील असं वाटत असेल, तर नागपूरची माणसं तुम्हाला माहीत नाहीत.

ह्या खेपेला सुमित्राबाईंनी आणखी मोठा घाट घातला होता. सगळा डिसेंबर ती बसनं सांगानेरला खेपा घालत होती. तिथल्या छापखान्यात स्वतः उभं राहून, बुट्टे निवडून, लाकडी ठशांनी छापलेल्या कापडाचे बटवे शिवून घेतले होते, आतून अस्तर, वर रेशमी गोंडा. दिवाणात लपवून ठेवलेले. तिचं हळदीकुंकू संक्रांतीनंतरच्या रविवारी होतं. रोज दिवाण उघडून ती बटवे बघायची आणि पुन्हा मिटायची.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी प्रतिमाचा फोन आला.

"सुमित्राताई, तारामतीबाईंचं वाण कळलं का? फायटर मासे. प्रत्येकीला काचेच्या बरणीत एकेक. दुकानातले सगळे उचलले त्यांनी."

बाईंच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. बाहेर थंडी अशी होती की खोबरेल तेल बाटलीत गोठलं होतं. त्या बरण्या, ते पाणी, तो गारठा. बाईंच्या डोळ्यांपुढं आख्ख्या मंडळाच्या घरोघरी उताणे मासे तरंगू लागले.

"मी जाऊन सांगते," ती म्हणाली.

"जाऊ नकोस," श्रीधरपंत म्हणाले. "तुझा मासा बघून त्यांनी आणलेत. तू काही बोललीस की जळते म्हणतील."

"अहो, पण मरतील ना ते."

"मरतील. आणि तरी म्हणतील, जळते."

ती पोळपाटाशी गेली, परत आली, गच्चीवर गेली, खाली आली. शेवटी गुळाची वाटी घेऊन निघालीच. तारामतीबाईंनी दार उघडलं ते आपल्या अंगाएवढंच.

"काय वं सुमित्रा?"

"गूळ संपला हो, ताई."

"तुह्या वाटीत तं गूळच दिसून राह्यला."

बाईंनी वाटीकडं पाहिलं. घाईत भरलेलीच आणली होती. "तुम्हाला द्यायला आणला. ताई, आज फार गारठा आहे. काही नाजूक असेल घरात तर आत ठेवा. आणि पाणी नळाचं तसंच—"

"मले शिकवून राह्यली का तू? नागपुरात आमच्या घरी हौदात मासे होते. जाय, तिळगूळ कर आपला."

दार लागलं. गूळ मात्र आत गेला.

संक्रांत उजाडली. जयपुरात त्या दिवशी जमिनीवर कुणी नसतं, सगळं शहर गच्च्यांवर. पतंग कटला की चहूकडून "वो काटा" उठायचं, आणि दरवेळी बाई दचकायच्या, जसं काही त्यांच्याच घरातलं काही कटलंय. काळी साडी दोनदा नेसून दोनदा सोडली. दुपारी जेवणं झाल्यावर फोन वाजला. पलीकडून तारामतीबाई, आवाज एकदम बारीक.

"सुमित्रा, मागच्या दारानं ये. कोणाले सांगू नको."

हे कुणाला सांगायचं नव्हतं, म्हणून तर आपल्याला सगळं माहीत आहे.

मागच्या गॅलरीत बरण्यांची रांग लागली होती. एकीला एक चिकटून, म्हणजे रात्रभर प्रत्येक नर काचेपलीकडच्या नरावर कल्ले फुगवून धावत राहिला असणार. गच्चीवरच्या टाकीचं बर्फगार पाणी काठोकाठ भरलेलं. झाकणं नाहीत, एक जण उडी मारून मोरीपाशी वाळून पडलेला. बाकीचे तळाला, कुशीवर, मिटल्या परांनी.

"सकाळी चांगले होते वं," तारामतीबाई म्हणाल्या. "पाच वाजता बाया येतीन. संक्रांतीच्या दिवशी सवाशिणीच्या ओटीत मेलेला मासा घालू का मी?"

सुमित्राबाई ऐकायला थांबल्याच नाहीत. बरण्या स्वयंपाकघरात, मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे, म्हणजे एकमेकांची तोंडं दिसायला नकोत. काठोकाठ पाणी जरा काढलं. मोठ्या परातींत कोमट पाणी घेऊन त्यात बरण्या उभ्या केल्या. तारामतीबाई चुलीवरचं आधण ओतायला धावल्या, तर बाईंनी त्यांचा हात धरला. "सावकाश, ताई. एकदम गरम केलं तर उरलेलेही जातील." परातींवरून जयपुरी रजई पांघरली. मग काम संपलं आणि वाट बघणं उरलं. ती उठून रजईचं टोक सारखं करू लागली, बसली, पुन्हा उठली.

बऱ्याच वेळानं एका लाल माशानं पर हलवला, वर आला आणि हवेचा घोट घेतला.

"जगले वं बाप्पा," तारामतीबाई म्हणाल्या. "चल, पुसून घेऊ बरण्या."

"ताई, हे आज कुणाच्या घरी गेले तर उद्या मरतील. कुणाकडं हीटर आहे? कुणाला काय ठाऊक आहे? मला द्या सगळे."

"घे ना. पण मी काय लुटू? बाजार बंद, सगळे गच्चीवर. पुन्हा चमचे?"

सुमित्राबाईंचे हात थांबले. तारामतीबाई नंतर सांगायच्या, एवढी स्तब्ध ही बाई मी आधी कधी पाहिली नव्हती. रजईखालून पाण्याचा बारीक आवाज येत होता. बाहेर कुणाचा तरी पतंग कटला.

"आलेच," ती म्हणाली.

आली ती दोन पिशव्या घेऊन. तारामतीबाईंनी एक बटवा उलटून पाहिला, अस्तर पाहिलं, गोंडा पाहिला.

"हे तुह्यं वाण हाये."

"होतं. आता तुमचं. मासे माझे. आणि पुन्हा मासे आणायचे नाहीत."

संध्याकाळी हळदीकुंकू दणक्यात झालं. बायका बटवे गालाला लावून बघत होत्या. "ताई, कुठून आणले?" तारामतीबाई म्हणाल्या, "सांगानेरहून." "स्वतः गेला होतात?" तारामतीबाईंना ठसका लागला. सुमित्राबाई कोपऱ्यात स्वतःच्याच बटव्याचा गोंडा पिळत बसल्या होत्या. एकीनं हळूच म्हटलंही, "यंदा मागं पडलीस हो." ती अर्ध्यातून उठली. घरी माशांना हीटरच्या खोलीत हलवायचं होतं.

रविवारी तिनं घाईघाईत आणलेल्या साबणदाण्या वाटल्या. त्यावर काय काय बोललं गेलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. थोडंसं सांगतो: एक जण म्हणाली, माशांच्या नादात बाईचा हात आखडला. बाईंना ते कळलं. त्या दिवशी कपाट तीनदा हललं.

घरात जिकडं तिकडं बरण्या आणि टाक्या. श्रीधरपंत दाढी करायचे तर आरशापुढं मासा, आणि तो त्यांच्यावर कल्ले फुगवायचा. बाई पहाटेपासून पाणी उघडं ठेव, बदल, दाणे मोज यात. दोन-तीन मासे थंडीनं खचलेले होते, ते गेलेच. बाकीचे तरले.

माघात ऊन चढू लागलं आणि मासे मागायला बायका येऊ लागल्या. सुमित्राबाई मुलीचं स्थळ पाहावं तशी घरं पाहायला निघाल्या. मांजर आहे का? टाकी उन्हात ठेवणार का? येत्या थंडीत हीटर लावाल की विसराल? एका इंजिनियरच्या बायकोला तिनं नकार दिला, का तर तिनं विचारलं होतं की सोफ्याला कुठला रंग शोभेल.

शेवटी तारामतीबाईंनी शब्द टाकला. बाईंनी त्यांचंही घर पाहिलं, गॅलरी पाहिली, नाक मुरडलं, आणि तो लाल मासा दिला. आणि मग सुरू झालं. दर दोन दिवसांनी सुमित्राबाई तारामतीबाईंच्या दारात.

"पाणी बदललंत का, ताई?"

"बदललं."

"सगळं?"

"चौथा हिस्सा. बस ना जरा."

"बादली तर भरलेली दिसतेय."

"ते उद्याचं हाये, वास उडवाले ठेवलं. तू बस वं."

बसते कसली. झाकण उचल, पाण्यात बोट बुडव, दाण्यांची डबी हलवून बघ. तारामतीबाईंना तोंड उघडता येईना. ज्या बाईनं अब्रू राखली, तिला दाराबाहेर कसं काढणार?

होळीच्या मेळाव्यात सगळं मंडळ जमलं होतं. थंडाईचे पेले फिरत होते. तारामतीबाई मधोमध उभ्या राहिल्या.

"ऐका वो बायांनो. संक्रांतीचे बटवे माहे नव्हते, सुमित्राचे होते. तिनं मले दिले, अन् तुमची बोलणी ऐकली. आता सांगितलं, फिटलं. म्हून आता मले बोलता येते. सुमित्रा, माह्या घरी याचं असन तं बसाचं. झाकणाले हात लावाचा नाही."

सगळ्यांच्या माना सुमित्राबाईंकडं वळल्या. ती लाल झाली होती, पण बोलली ती माशाचंच.

"मग मासा परत द्या मला, ताई. माझ्या घरी मी उभी राहून बघेन त्याला."

"मासा नाही देत," तारामतीबाई म्हणाल्या. "त्याले आता माह्या आवाजाची सवय हाये."