ओळख त्यांनी दाखवायची

भिलाईच्या मरोदा वस्तीतल्या पुष्कळ लोकांना ताई गर्विष्ठ वाटायच्या. सकाळी केंद्रात जिच्याशी तासभर बोलल्या, तीच बाई संध्याकाळी बाजारात समोरून आली तर ताई सरळ पुढे जायच्या. मान हलवणं नाही, हसणं नाही. तिनेच "दीदी, नमस्ते" म्हटलं तर मात्र थांबून पार सासूच्या गुडघ्यांपर्यंत चौकशी.

मी समाजकार्याची पदवी घेऊन त्या केंद्रात नवाच लागलो होतो. घरातली भांडणं, आजारपण, दवाखान्याचे कागद, वस्तीतलं सगळं तिथे यायचं. ताई तिथल्या सर्वांत जुन्या. पदवी नाही. भंडाऱ्याकडून लग्न होऊन आलेल्या, नवरा स्टील प्लांटमध्ये, पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात. मी एकदा विचारलं, "ताई, लोक नावं ठेवतात. जरा हसलं तर काय बिघडतं?"

"मी हासली तं बाजूची तिले विचारते, हे दीदी तुले कशी ओळखते? मंग तिनं काय सांगावं? नवरा मारते म्हणून? ओळख त्यायनं दाखवाची, आपण नाही." मग माझ्याकडे बघून, "तू सेक्टर सिक्सचा साहेब. तुले काय समजणार!"

गोपनीयतेचं प्रकरण मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. ताई ते रस्त्याने चालताना पाळत होत्या.

आता जे लिहितो आहे ते मी अठरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

मरोद्यातली एक बाई टी.बी.च्या औषधांसाठी ताईंकडे यायची. प्लांटच्या कॉलनीत, आमच्या सेक्टर सिक्समध्ये, तीन क्वार्टरांत स्वयंपाक करायची. डॉक्टरांनी तपासून कामावर जायला हरकत नाही असं सांगितलं होतं, पण घरमालकिणींना कळलं तर काम जाणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ताई तिची औषधाची पाकिटं दवाखान्यातून स्वतः आणायच्या आणि केंद्रात जुन्या चहाच्या डब्यात ठेवायच्या. मी फक्त रजिस्टर लिहायचो.

भिलाईतल्या आम्हा मराठी लोकांना एक सवय आहे. बाहेर सगळा हिंदीचा कारभार, म्हणून कुणाविषयी काही बोलायचं असलं की मराठीत बोलायचं. दुकानदारासमोर दुकानदाराची निंदासुद्धा. जणू मराठी म्हणजे आतून कडी लावलेली खोली.

सेक्टर सिक्सच्या बाजारात मी आणि माझा शाळेतला मित्र टमाटर घेत होतो. ती बाई समोरून गेली, मला बघून हसली. मित्र म्हणाला, "काय बे, कोण आहे? लय वळखीची दिसून राहिली." त्याच्या त्या डोळे मिचकावण्यानं मी चिडलो आणि खुलासा करून बसलो. म्हटलं, "अबे, टी.बी.ची पेशंट आहे आमची. पोळ्या करते इकडेच, तिसऱ्या गल्लीत. कोणाले सांगू नको."

भाजीवाली छत्तीसगढी. तिने टमाटर तोलले, वर कोथिंबीर टाकली. एका मराठी घरात तिने पंधरा वर्षं धुणीभांडी केली होती, हे मला पुढे कळलं.

आठ दिवसांत स्वयंपाकाची तिन्ही घरं सुटली. ती बाई केंद्रात आली आणि दारातूनच बोलू लागली. "दीदी, आपके सेंटर वाले बाजार में मराठी में मेरी बीमारी बता रहे थे. किसको बताया आपने?" बातमी चार तोंडांतून फिरून आली होती. तोवर त्यातला पुरुष की बाई, हे गळून पडलं होतं. केंद्रात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. आणि तिचं सगळं ठाऊक असलेल्या, तिच्या लेखी, ताई एकट्याच.

ताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उभ्या राहिल्या. "बात हमारे यहाँ से ही गई है. जिम्मेदारी मेरी है."

मी रजिस्टरात रेघ ओढत होतो. ती रेघ मी पानाच्या शेवटापर्यंत नेली.

तिचा औषधाचा कोर्स ताईंनी दुसऱ्या दवाखान्यातून, दुसऱ्याच बाईच्या हातून पुरा करवला. ती बरी झाली. पुढे मरोद्यात चील्याची, म्हणजे तांदळाच्या धिरड्यांची, गाडी लावली. ताई त्या गाडीवरून रोज जायच्या. ती मान फिरवायची आणि नियमाप्रमाणे ताई पुढे जायच्या. अशी अठरा वर्षं. मीही जायचो, खाली बघून. ओळख आपण दाखवायची नसते, असं मनाशी म्हणत. ताईंचा नियम मला लपायला फार सोयीचा पडला.

आता मी समाजकार्याच्या मुलांना शिकवतो. ताईंचं उदाहरण दर वर्षी देतो. यंदा एका मुलीनं विचारलं, "सर, आपसे कभी कोई बात बाहर गई?" मी म्हटलं, "नहीं."

त्याच आठवड्यात ताईंच्या घरी गेलो. त्या शेंगा निवडत बसल्या होत्या. सगळं सांगितलं.

"मले कावून सांगून राहिला? केंद्रात दोघंच तं होतो. मी बोलली नाही हे मले मालूम होतं."

"मग तेव्हाच माझं नाव का नाही घेतलं?"

"तुह्या नावानं तिची घरं वापस आली असती का?" शेंगांचं ताट त्यांनी बाजूला सारलं. "तिले सांग. अन् माफी नको मागू बाप्पा. माफी मागशील तं तिले काही ना काही द्यावं लागते. नुसतं सांग."

दुपारी गाडीवर गिऱ्हाईक नसतं. मी एक चीला मागितला. तिनेच निरखून विचारलं, "सेंटर वाले भैया हो ना?" तेव्हा सांगितलं. ती ऐकत होती. तव्यावरचा चीला एका बाजूने करपला. मग एवढंच म्हणाली, "तो दीदी नहीं थीं?"

"नहीं."

तिने करपलेला चीला काढून टाकला, दुसरा घातला नाही. मी निघालो.

त्यानंतरच्या रविवारी ताईंची पिशवी घेऊन मी बाजारात त्यांच्यामागून चालत होतो. गुडघे दुखतात, एकट्या जात नाहीत आता. गाडी आली तशा ताई नेहमीप्रमाणे समोर बघत पुढे निघाल्या.

"दीदी!"

ताई थांबल्या. सगळ्या बाजारासमोर ती बाई गाडीमागून बाहेर आली, हात पदराला पुसत. "चीला खाके जाओ दीदी. बैठो."

ताई स्टुलावर बसल्या. "चटनी ज्यादा देना," म्हणाल्या.

माझ्याकडे त्या बाईनं पाहिलं नाही. मी पिशवी धरून उभा राहिलो. ओळख तिनं दाखवायची होती.