चौदाव्या मजल्यापर्यंतचं बोलणं

माझ्या लेकीच्या मते, मी माझ्या धंद्याबद्दल बोलायला लागले की ऐकणाऱ्याला धंदा सोडून बाकी सगळं कळतं. सासूबाई भाजणी कशी भाजायच्या, कोलकात्यात चांगली ज्वारी मिळवायला किती पायपीट करावी लागते, इथल्या दमट हवेत पोहे कसे मऊ पडतात. मला नेमकं काय पाहिजे हे शेवटी येतं, आणि तोवर समोरचा माणूस उठून गेलेला असतो.

धंदा एवढाच, की सॉल्ट लेकमधल्या बँकेच्या क्वार्टरमध्ये मी सकाळी थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी आणि कांदेपोहे करते आणि न्यू टाउनच्या एका इमारतीत पोचवते. लेक त्याच इमारतीत अकराव्या मजल्यावर नोकरी करते. आधी तिच्या डब्यातलं शेजारच्या टेबलावर गेलं, मग त्या टेबलाने ऑर्डर दिली, आणि सहा महिन्यांत जवळजवळ अख्खा मजला माझ्याकडे खाऊ लागला. अशात तळमजल्याच्या कँटीनमधला एक काउंटर रिकामा झाला. तो कोणाला द्यायचा हे इमारतीची व्यवस्था बघणारे साहेब ठरवणार होते. साहेबांना वेळ नव्हता. रोज साडेनऊला ते लिफ्टने चौदाव्या मजल्यावर जातात, तेवढ्या वेळात काय ते सांगा, असा त्यांचा निरोप आला.

"आई, ह्यालाच एलेव्हेटर पिच म्हणतात," लेक म्हणाली. "लोक पैसे भरून शिकतात हे. आणि तुला तर खरी लिफ्ट मिळालीय."

मी म्हटलं, लिफ्टमध्ये आपण कोणाशी बोलत नाही, आकडे बघतो.

काउंटर मला का हवा होता ते सांगायला पाहिजे. नवरा बँकेत अधिकारी, त्यामुळे दर तीन वर्षांनी बदली. नागपूरला मी शिवणाचा क्लास काढला आणि बंद केला. भोपाळला गणिताच्या शिकवण्या घेतल्या आणि बंद केल्या. विशाखापट्टणमला पाळणाघर चालवलं. ते बंद केलं त्या दिवशी एक पोरगी माझी ओढणी सोडेना आणि खाली सामानाचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. त्यानंतरच्या दोन गावांत मी काहीच काढलं नाही. बदलीवाल्यांच्या घरात भिंतीला खिळे ठोकत नाहीत आणि फ्रिजचं खोकं टाकून देत नाहीत. माझे उद्योगही तसेच होते, महिनाभरात आवरता येतील असे. एकदा तरी मला न आवरण्यासारखं काहीतरी हवं होतं.

तर तालीम सुरू झाली. लेकीने मोबाइलवर वेळ लावली. पहिल्या खेपेला तीन मिनिटं चाळीस सेकंद. सासूबाई पहिल्याच फेरीत गेल्या. ज्वारी गेली, पोहे मऊ पडणं गेलं. कँटीनमधल्या तेलकट लुचीबद्दल, म्हणजे इथल्या मैद्याच्या पुरीबद्दल, मी दोन वाक्यं घातली होती, ती तिने हात जोडून काढायला लावली. म्हणाली, साहेब बंगाली आहेत, लुचीला नावं ठेवलीस तर दुसऱ्या मजल्यावरच उतरवतील.

"आणि 'साधंच असतं आमचं' हे का म्हणतेस मध्ये?"

"साधंच असतं म्हणून."

"मग साहेब काउंटर साध्यापेक्षा बरं करणाऱ्या कोणाला तरी देतील."

सगळ्यात अवघड गेलं ते शेवटचं वाक्य. मला काउंटर हवा आहे. लेकीच्या मते हे वाक्य नसेल तर बाकीचं बोलणं म्हणजे नुसत्या गप्पा. माझ्या तोंडून निघायचं, "मिळाला तर बरं होईल", नाहीतर "तुम्हाला जमत असेल तर बघा". 'मला हवा आहे' म्हणताना कोणाच्या तरी ताटातलं उचलल्यासारखं वाटायचं. चार दिवस मी ते तव्यासमोर उभी राहून म्हणत होते. तव्याची काही हरकत दिसली नाही.

ठरल्या दिवशी साहेब आले. पन्नाशीचे, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फाइल, चेहऱ्यावर सकाळपासूनच थकवा. दार बंद झालं आणि मी हिंदीत सुरू केलं. इथे सकाळी नऊला उपाशी येणारे खूप आहेत. मी त्यांना गरम, घरचा, पोटभर नाश्ता देते. अकरावा मजला सहा महिने रोज मागवतोय, त्यांना विचारा. तळमजल्याचा काउंटर मला हवा आहे.

हवा आहे म्हणाले तेव्हा लिफ्ट आठव्या मजल्यावर होती. सहा मजले शिल्लक. एवढं थोडक्यात मी जन्मात बोलले नव्हते.

साहेबांनी मान हलवली. अकराव्या मजल्यावरून त्यांच्या कानावर आधीच आलं होतं म्हणे. मग उरलेल्या वेळात काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "दीदी, आप लोग कोलकाता में कब से?"

"दो साल हुए," मी हसून म्हणाले. "एक साल और. फिर ट्रान्सफर. हम तो बदलीवाले लोग हैं."

दार उघडलं. साहेब एक पाय बाहेर ठेवून थांबले. काउंटरचा करार तीन वर्षांचा असतो, ते अगदी सौम्यपणे म्हणाले. एका वर्षात तुम्ही जाणार तर मग कसं जमायचं? नमस्कार करून ते गेले. दार लागलं आणि लिफ्ट मला घेऊन खाली निघाली.

गेली सव्वीस वर्षं दूधवाल्यापासून शाळेच्या मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांना मी हेच उत्तर दिलं आहे. कोणी 'कधीपासून' विचारलं की मी 'कधीपर्यंत' तेही सांगून टाकते. तालमीत हा प्रश्न नव्हता आणि उत्तराला तालमीची गरजही नव्हती. मला भयंकर राग आला. आधी साहेबांचा आला, कारण ते सोपं होतं.

लेक तळमजल्यावर उभी होती. मी काय बोलले ते तिला सांगितलं.

"असं का सांगितलंस?"

"खोटं कसं सांगू?"

"पण आई," ती म्हणाली, "बदली बाबांची होते ना?"

तिला यात काही विशेष वाटलं नसावं. ती घड्याळ बघत होती, तिची मीटिंग होती. मी मात्र तिथेच खांबाला टेकून उभी राहिले. मग पुन्हा लिफ्टमध्ये शिरले आणि चौदाचं बटण दाबलं.

साहेब चहा पीत होते. मी बसले नाही. म्हटलं, "ट्रान्सफर मेरे मिस्टर का होता है. मेरा नहीं होता. मैं तीन साल यहीं रहूँगी."

त्यांनी कप खाली ठेवला. "मिस्टर को मालूम है?"

"शाम को मालूम हो जाएगा."

 साहेबांनी ड्रॉवरमधून अर्ज काढला आणि कुठे सही करायची ते दाखवलं.

संध्याकाळी जेवायला वाढलं आणि सांगायला बसले. माझे मिस्टर बँकेत छोट्या धंद्यांची कर्जंच बघतात. टेबलापलीकडून अशी बोलणी ऐकण्यात त्यांची हयात गेली आहे, त्यामुळे मी घोळ घातला नाही. "मी काउंटर घेतलाय. करार तीन वर्षांचा आहे. पुढच्या वर्षी तुमची बदली झाली तरी मी इथेच राहणार. भाड्याची जागा बघेन."

त्यांनी घास ताटात ठेवला. बँकेतल्यासारखं विचारलं, काउंटरला पाणी आहे का? गॅस चालतो की इंडक्शन? सुट्टीच्या दिवशी काय? मी सगळ्याची उत्तरं दिली. ते प्रत्येक उत्तराला हूं म्हणत होते. मग प्रश्न संपले आणि त्यांनी आमटीची वाटी बाजूला सरकवली.

"आणि मी?" ते म्हणाले.

नागपूर सोडताना मला हाच प्रश्न पडला होता. भोपाळ सोडताना, विशाखापट्टणम सोडताना, त्यापुढेही. मी तो एकदाही तोंडातून काढला नव्हता. त्यांनी पाच मिनिटांत काढला. मला त्यांची दया आली, रागही आला, आणि कधी नव्हे ती माया आली. 

"माहीत नाही," मी म्हटलं. ते खरं होतं.

आमटी गार झाली होती. एरवी मी ती तापवायला उठले असते, पण त्या संध्याकाळी उठले नाही. जरा वेळाने त्यांनीच पातेलं उचललं आणि स्वयंपाकघरात गेले. आतून त्यांनी विचारलं, लायटर कुठे असतो?

मी बसल्या जागेवरून सांगितलं.