घरी हे कसं म्हणाल?

इंदूरहून विजूच्या यजमानांचा, दिनकररावांचा फोन आला तेव्हा मी वाल सोलत बसले होते. "कुंदाताई, विजू गेली," एवढंच ते दवाखान्याच्या गलक्यातून बोलले. साधं ऑपरेशन आहे, आठवड्यात परत येते, असं सांगून गेलेली माझी मैत्रीण... वाल तसेच टाकून मी लोधीपुऱ्यात तिच्या घरापर्यंत चालत गेले. ऑपरेशनच्या दिवशी दिनकररावही तिच्यामागून इंदूरला गेले होते, दाराला कुलूप असणार हे ठाऊक होतं, तरी गेले.

विजयाने आणि मी आमच्याच गावातल्या लालबाग भागातल्या एका शाळेत बरोबर नोकरी केली. ती मराठी शिकवायची, मी इतिहास. तिच्या वर्गातली निम्मी मुलं घरी हिंदी बोलणारी, बाकीची जवळच्या निंबोला गावाकडची, खानदेशी वळणाची. पुस्तकातलं मराठी दोघांनाही परकं. त्यात अकरावीला एक जुनं नाटक लागलं. त्यातली राणी राजवाडा कायमचा सोडून निघते आणि जाताना राजाशी सव्वा पान बोलते. बाजारातल्या गाईडात त्याखाली 'राणीचे स्वभावविशेष' दिलेले होते, ते घोकून मुलं मोकळी व्हायची. विजू भडकली. "अगं, बाई घर सोडून चाललीय आणि ही पोरं तिचे विशेष मोजतायत!" असं म्हणून तिने स्वतःच गाईड लिहायला घेतलं. झेरॉक्स काढून, टाचून ती ते मुलांना वाटायची.

त्यात शब्दार्थ होते, प्रसंग होते, सगळं रीतसर होतं. पण प्रत्येक लांब संवादाखाली दोन रेघा रिकाम्या आणि वर एक प्रश्न: घरी हे कसं म्हणाल? मुलांनी तो संवाद आपल्या घरच्या बोलीत लिहायचा. मी तिची भरपूर टिंगल केली. "तुझी राणी आता केळीच्या बागेत उभी राहून बोलणार बघ!" आणि झालंही तसंच. राणीच्या सव्वा पानाखाली निंबोल्याच्या एका मुलीने लिहिलं, "आता काबरं रडता? तवा मले इचारलं होतं का?" लालबागच्या एका पोराची राणी म्हणाली, "चलती हूँ, अब सँभालो अपना महल." ते वाचून दाखवताना विजू स्टाफरूममध्ये डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. पण पुढे काही मुलांनी परीक्षेच्या पेपरातही हेच लिहिलं आणि मार्क गेले. पालक शाळेत आले, तिला नको नको ते बोलले. तिने ऐकून घेतलं. पुढच्या वर्षीच्या गाईडात 'परीक्षेत हे लिहू नये' असं ठळक अक्षरांत टाकलं, प्रश्न मात्र काढला नाही. हट्टी होती, दुसरं काय.

ती गेली आणि दिनकरराव एकाच गोष्टीपाशी अडकून बसले. केळीचा व्यापार केलेला माणूस, बायकोची गाईडं त्यांनी कधी उघडूनही पाहिली नव्हती. तेराव्यानंतर मी भेटायला गेले तर म्हणाले, "जन्मभर पोरांना निरोपाचे संवाद शिकवले हिनं. मले काय बोलली जाताना? गाडीत बसता बसता दह्याबिह्याचं, घरातलं काहीबाही सांगितलं, बस. दोन शब्द नाही बोलली, कुंदाताई." खरं सांगायचं तर मलाही तिचा रागच आला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण हा माणूस समोर वाळत चालला होता...

गेल्या आठवड्यात शाळेतून निरोप आला की मुलं गाईड मागताहेत. मूळ प्रत शोधायला दिनकररावांनी मला बोलावलं. कपाटात ती लगेच सापडली. चष्मा लावून ते पानं उलटू लागले आणि राणीच्या संवादापाशी थांबले. ओळींवर बोट ठेवून त्यांनी सगळं सव्वा पान वाचलं. मग खालचा प्रश्न वाचला. मी चहा ठेवायला आत गेले, परत आले तरी ते त्याच पानावर. खिशातलं पेन काढून त्यांनी हळूहळू काही लिहिलं आणि प्रत माझ्यापुढे सरकवली.

"दही लावून फ्रिजमध्ये ठेवलंय. काढल्या काढल्या गार खाऊ नका, दाढ ठणकते तुमची. मी येईपर्यंत पुरेल."

"बरोबर आहे का?" त्यांनी विचारलं.

मला हुंदका आवरेना. मी मान डोलावली. प्रत झेरॉक्सला जायची होती, पण ते खोडा असं मी म्हटलं नाही, आणि त्यांनीही खोडलं नाही. डोळे पुसून त्यांनी माझ्याकडे पट्टी मागितली, आणि त्याखाली पोरांसाठी आणखी दोन रेघा ओढल्या.