भाऊसाहेब बोलले की गाडी मिसिंग मारायची

सर्व संबंधितांस, विशेषतः भावाच्या मयतीनंतर त्याच्या घरातल्या खुंटीवरून गाडीची किल्ली काढून नेणाऱ्यांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की – मेलेल्या माणसाच्या मोटारसायकलवर बसून त्याच्याबद्दल खोटं बोलू नये. होणाऱ्या परिणामांस बसणारा स्वतः जबाबदार राहील.

हसा, हसा. मीही हसलो असतो. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. लिंबू मला पोह्यांवर चालतं, गाडीच्या हँडलला नाही. वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनं तपासण्यात माझं आयुष्य गेलं. इंजिनासारखी प्रामाणिक वस्तू जगात नाही. हवा, पेट्रोल आणि ठिणगी वेळेवर मिळाली की चालतं, नाहीतर नाही. त्यात भुताला जागाच नाही... असं मी गेल्या दसऱ्यापर्यंत छातीठोकपणे सांगायचो.

तर घर माझ्या धाकट्या बहिणीचं, नंदाचं. मुकुंदवाडी, रेल्वे स्टेशनच्या अलीकडची गल्ली. तिचे यजमान दिगंबर, म्हणजे आमचे दाजी, यांची एक जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल होती. दाजींनी हौसेनं नंदाला ती चालवायला शिकवली. चिकलठाण्याच्या कारखान्यांत नंदा जेवणाचे डबे पोचवायची ते ह्याच गाडीवरून. पदर खोचून, दोन्ही अंगांना डब्यांच्या पिशव्या लटकवून ती निघाली की गल्लीतली कुत्रीसुद्धा अदबीनं बाजूला व्हायची. दाजी चारचौघांत सांगायचे, "गाडी नंदाची हाय. आपण नुसतं पेट्रोल भरणार."

मग दाजी थोडक्या दुखण्यात गेले. तेराव्याचं जेवण उरकलं आणि त्यांचे धाकटे बंधू भाऊसाहेब, शहागंजातले कापडवाले, यांनी हात पुसत पुसत खुंटीवरची किल्ली काढली.

"वैनी, बाईमाणसाला शोभत नाय असली गाडी. अन् दादानंच मला दवाखान्यात सांगितलं व्हतं, गाडी तू ने म्हणून."

दवाखान्यात दाजींच्या उशाशी नंदा होती आणि मी होतो. भाऊसाहेब दुकानात होते, लग्नसराईचा माल उतरवत. पण नंदाच्या सासूबाईंनी धाकट्याची बाजू घेतली – "जाऊ दे नंदे, घरातच ऱ्हातीय की गाडी." नंदा दुसऱ्या दिवसापासून रिक्षानं डबे न्यायला लागली. डबे उशिरा पोचायचे, भाजी निवायची, एकेक गिऱ्हाईक तुटायला लागलं. गाडी परत आली नाही तर तिचा धंदा बसणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मी दातओठ खात राहिलो.

आणि मग गाडीनं तोंड उघडलं.

भर शहागंजात, ऐन गर्दीत तिनं असा बार काढला की अत्तरवाल्याच्या हातातली कुपी सुटली. समोरचे चाचा ओरडले, "क्या भाऊसाब, गाडी लाए की तोप?" रोज तेच. चार पावलं नीट, मग फट्... फट्... धडाम. शेवटी भाऊसाहेबांचा फोन मलाच आला. "पाव्हणं, गाडी लई मिसिंग मारतीय. जरा बघता का? दसऱ्याला गिऱ्हाईक येणारंय, जुन्या गाड्यांचा शौकीन हाय."

म्हणजे विकायची होती! "घरातच ऱ्हातीय" म्हणणाऱ्या सासूबाईंना त्याचा पत्ताही नव्हता.

मी गेलो. मदतीला नाही – मजा बघायला. पण हाताला सवय असते. प्लग बदलला. पॉइंट घासून गॅप लावला. कंडेन्सर नवा, कॉइल नवी, कार्बोरेटर उकलून जेट फुंकले, टाकीतला गंज धुतला. मी गल्लीतून चक्कर मारली तर गाडी लोण्यासारखी. भाऊसाहेब बसले आणि कोपऱ्यावरच – धडाम!

दोष शोधायचा आमचा एक नियम आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हणून मी भाऊसाहेबांच्या मागे बसलो आणि त्यांच्याशी गप्पा मारायला लागलो. पाऊसपाण्याचं विचारलं, गाडी शांत. दुकानाचं विचारलं, शांत. मग सहज म्हणालो, "दाजींची आठवण येते हो. तुम्हालाच दिली ना त्यांनी गाडी?"

"व्हय, स्वतःच्या तोंडानं सांगितलं दादानं –"

धडाम!

मी हँडलकडे पाहिलं, सायलेन्सरकडे पाहिलं. परत पावसाचं विचारलं, शांत. परत दाजींचं विचारलं – धडाम! वाचकहो, माझ्या अंगावर काटा आला हे खरं. पण काट्याच्या खाली, शपथेवर सांगतो, गुदगुल्या होत होत्या. मी भाऊसाहेबांना एवढंच म्हणालो, "दसऱ्याला आईंच्या दारातच पूजा करा. शुभ असतं."

दसऱ्याच्या सकाळी मुकुंदवाडीत अख्ख्या गल्लीच्या गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभ्या. शौकीन गिऱ्हाईक, सासूबाईंना 'दोस्त' म्हणून सांगितलेलं, काळा चष्मा लावून हजर. भाऊसाहेब नव्याकोऱ्या पांढऱ्या झब्ब्यात. दरवर्षी ह्या गाडीला नंदा ओवाळायची. त्या सवयीनं ती ताट घेऊन पुढे आली, तर सासूबाई म्हणाल्या, "नंदे, तू नगं. तुझं कुंकू गेलं. मागं हो." नंदानं ताट ओट्यावर ठेवलं. तिचा चेहरा पाहिला आणि माझ्यातला इंजिन तपासणारा रजेवर गेला.

"भाऊसाहेब, शुभ काम आहे," मी मोठ्यानं म्हणालो, "गाडी चालू करा, आणि दाजींनी काय सांगितलं होतं ते एकदा गल्लीला ऐकवा."

"हे बघा, दादा मला म्हणला –" धडाम! माळेतले झेंडू उडाले.

"काय म्हणाले? ह्या बाजूला ऐकू नाही आलं."

"दादा म्हणला, भाऊ, गाडी –" धडाम! गिऱ्हाईक मागे सरकलं.

"आईंना नीट ऐकू येत नाही हो. मागून या, त्यांच्या जवळून सांगा."

भाऊसाहेब चिडून, गाडी चालू ठेवून, उतरून मागे आले. "दादानं गाडी मला –" सायलेन्सरनं काळ्या तेलाची अशी पिचकारी मारली की पांढऱ्या झब्ब्याची होळी झाली, ऐन दसऱ्याला. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. गिऱ्हाईक त्याच वेळी नाहीसं झालं, परत दिसलं नाही.

इथपर्यंतचं सगळं योगायोग म्हणून सोडून द्या. मीही दिलं असतं. पण पुढचं नाही सोडता येत.

मी गाडी बंद केली. किल्ली माझ्या खिशात. प्लगची कॅपही काढली आणि हातात धरून उभा राहिलो. सगळ्यांचं चहापाणी झालं, इंजिन हात लावण्याइतकं गार पडलं. भाऊसाहेबांना धीर आला. टाकीवर हात ठेवून ते आईला म्हणाले, "बघ, गप झाली. खराब पेट्रोल व्हतं. आई, तुझी आण, दादानं मलाच –"

किल्ली नाही, किक नाही, ठिणगी जायला वाट नाही. आणि त्या गार, मेलेल्या इंजिनातून आजवरचा सगळ्यात मोठा बार निघाला. समोरच्या पत्र्यावरची कबुतरं एकदम उडाली.

कारखान्यातल्या जाणत्यांना विचारलं. कोणी म्हणालं कार्बन, कोणी म्हणालं सायलेन्सरमधला गॅस. गार इंजिनात तो कोणी पेटवला, ह्यावर सगळे चहा मागवतात. मला आजही कळलेलं नाही. गाडी नंदाकडे आहे, डबे वेळेवर पोचतात, तिच्या हातात एकदाही मिसिंग नाही. भाऊसाहेब मुकुंदवाडीला आले की चपला लांब काढतात आणि गाडीला वळसा घालून घरात जातात.

त्या दिवशी मात्र बार विरल्यावर सासूबाई ओट्यावरून उठल्या, ताट उचलून नंदाच्या हातात कोंबलं, आणि गाडीकडे बोट रोखून ओरडल्या –

"दिगंबर, कळलं रं बाबा, कळलं! नंदे, ओवाळ आधी त्याला, न्हायतर घर पेटवंल ह्यो!"